लिमिंग्टन ते शेर्बुर: लहान शिडाच्या बोटीतून रात्रीची इंग्लिश खाडी

18 जून 2025 रोजी, बुधवारी संध्याकाळी, मी आणि माझा नवरा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिमिंग्टनहून आमच्या 26 फुटी शिडाच्या बोटीतून निघालो आणि गुरुवारी सकाळी फ्रान्समधील शेर्बुरच्या बंदरात पोहोचलो. इंग्लिश खाडी दर उन्हाळ्यात शेकडो लहान बोटी ओलांडतात, त्यामुळे यात विक्रम वगैरे काही नाही. पण भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि आजवर किनाऱ्याच्या नजरेआड न गेलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट किती अवघड वाटते, हे आम्ही वर्षभर अनुभवले. तयारीच्या काळात मराठीतून कोणी सांगितलेले असते तर बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची बोट वेस्टर्ली सेंटॉर या जातीची, 1970 च्या दशकात बांधलेली आहे. तिला खाली पंखांसारखे दोन कणे (कील) असल्यामुळे ओहोटीला ती चिखलात सरळ उभी राहते आणि म्हणून बांधून ठेवायला स्वस्त पडते. ती भक्कम आहे, पण संथ आहे. चांगला वारा असला तरी सरासरी साडेचार ते पाच नॉट (तासाला तितके समुद्री मैल) धरावेत. आइल ऑफ वाइट बेटाच्या पश्चिम टोकाला असलेल्या नीडल्स खडकांबाहेरील बोयापासून (तरंगत्या खुणेपासून) शेर्बुरच्या पश्चिम दारापर्यंत अंतर सुमारे 58 समुद्री मैल आहे, म्हणजे आमच्या बोटीला बारा-तेरा तास लागणार हे उघड होते. दिवसा निघालो असतो तर अनोळखी बंदरात अंधारात शिरावे लागण्याची शक्यता होती. संध्याकाळी निघाल्यास पहाटेच्या अंधारात फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दीपगृहे ओळखता येतात आणि बंदरात शिरताना स्वच्छ उजेड असतो. रात्रीचा प्रवास निवडण्याचे कारण एवढेच होते.

सगळ्यात आधी सुरू केले ते व्हिसाचे काम. ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी असली तरी भारतीय पासपोर्टवर फ्रान्समध्ये पाऊल ठेवण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतोच, मग तुम्ही विमानाने जा की स्वतःच्या बोटीने. आम्ही एप्रिलमध्ये अर्ज भरला. शुल्क माणशी 90 युरो होते, शिवाय अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. खरा प्रश्न अर्जातील प्रवासाच्या तिकिटाचा होता, कारण तिकीट नव्हतेच. आम्ही एका पानाचे पत्र लिहून त्यात बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, निघण्याचे आणि पोहोचण्याचे बंदर, हवामानामुळे तारीख पुढेमागे होण्याची शक्यता आणि किती रात्री राहणार हे स्पष्ट सांगितले. सोबत नोंदणीपत्राची प्रत, बोटीचा विमा, शेर्बुरच्या मरीनाकडून आलेली जागेची ईमेल आणि किमान 30,000 युरोंचे संरक्षण असलेला वैद्यकीय प्रवास विमा जोडला. केंद्रातल्या बाईंनी पत्र दोनदा वाचले, आत जाऊन कोणाला तरी विचारले आणि कागद ठेवून घेतले. पासपोर्ट परत हातात यायला तीन आठवडे लागले. निर्णयाची साधारण मुदत पंधरा दिवसांची असली तरी उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून हे काम हिवाळ्यातच सुरू करावे. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. व्हिसाच्या तारखा मागताना पुढे-मागे भरपूर दिवस ठेवावेत, कारण वारा तुमच्या व्हिसाप्रमाणे वाहत नाही.

बोटीचे कागद त्या मानाने सोपे होते. परदेशात जाणाऱ्या बोटीला नोंदणी लागते. लहान बोटींसाठी ब्रिटनच्या नोंदणीचा तिसरा भाग असतो, ती नोंदणी पाच वर्षे चालते आणि मिळालेला क्रमांक बोटीच्या बाहेरून दिसेल असा लावावा लागतो. व्हीएचएफ रेडिओचा परवाना ऑनलाइन मोफत मिळतो, पण तो रेडिओ वापरणाऱ्या व्यक्तीचे प्रमाणपत्र वेगळे असते आणि त्यासाठी एक दिवसाचा वर्ग व परीक्षा असते. नवऱ्याकडे डे स्किपरचे, म्हणजे दिवसा बोट चालवण्याच्या पहिल्या पायरीचे, प्रमाणपत्र होते. मी हिवाळ्यात संध्याकाळच्या वर्गातून त्याच्या पुढचा लेखी अभ्यासक्रम केला आणि खाडी ओलांडण्याची गणिते तिथेच पक्की झाली. आमच्या विम्यात जर्मनीतील एल्ब नदीपासून पश्चिम फ्रान्समधील ब्रेस्टपर्यंतचा पट्टा आधीच समाविष्ट होता, पण विमा कंपनीला फोन करून रात्रीच्या प्रवासाला आणि दोनच माणसांना काही अट आहे का, हे विचारून लेखी उत्तर घेतले. ज्यांची बोट जुनी आहे त्यांनी हा फोन टाळू नये.

सुरक्षेच्या साहित्यात आम्ही दोन गोष्टींवर खर्च केला. जीवरक्षक तराफा विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून तो आठवड्यासाठी भाड्याने घेतला. शंभर पौंडांच्या आसपास पडले. दुसरी वस्तू म्हणजे अंगावर बाळगायचे आणीबाणीचे बीकन, जे उपग्रहामार्फत आपली जागा बचावदलाला कळवते. त्याची नोंदणी मोफत असते आणि ती करून ठेवल्याशिवाय त्याचा अर्धा उपयोग निघून जातो. डेकवर नाळेपासून मागपर्यंत पट्टे ताणून बांधले आणि नियम असा केला की अंधार पडल्यावर केबिनच्या दारातून बाहेर येण्याआधीच अंगावरच्या हार्नेसचा (सुरक्षापट्ट्याचा) हूक अडकवायचा, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय शिडापाशी पुढे जायचे नाही. दोघांच्या बोटीत एक जण पाण्यात पडला तर उरलेल्याला एकट्याने बोट वळवून, त्याला अंधारात शोधून वर घ्यावे लागते. त्यामुळे पडूच न देणे हाच खरा बंदोबस्त आहे, यावर आमचे दोघांचे पूर्ण एकमत होते.

आता भरती-ओहोटीविषयी जरा विस्ताराने, कारण या प्रवासाचे मर्म तिथे आहे. इंग्लिश खाडीत पाणी नुसते चढत-उतरत नाही. ते सुमारे सहा तास पूर्वेकडे आणि सहा तास पश्चिमेकडे वाहते. आपल्याला जायचे असते थेट दक्षिणेला, कारण नीडल्सबाहेरचा बोया आणि शेर्बुरचे पश्चिम दार जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. म्हणजे प्रवाह संपूर्ण रात्रभर बोटीला आडवा ढकलत राहणार. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत फ्रान्सच्या बाजूला हा जोर तीन नॉटांच्या वर जातो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत तो जवळपास निम्मा असतो. मी देवगडची, त्यामुळे अष्टमीला भांग हे लहानपणापासून कानावर पडलेले होते. तिथी आणि पाणी यांचे नाते इथेही तेच आहे, आणि ज्येष्ठ वद्य अष्टमी 18 जूनला येत होती. नवऱ्याने त्याच आठवड्याची रजा टाकली.

प्रवाहाचा नकाशा तासातासाचा असतो. त्यातून प्रत्येक तासाला किती नॉट आणि कोणत्या दिशेला हे कागदावर लिहून काढले, पूर्वेकडच्या तासांची बेरीज आणि पश्चिमेकडच्या तासांची बेरीज केली आणि दोन्हींतला फरक घेतला. संध्याकाळी सहाला निघाल्यास आधी मध्यरात्रीपर्यंत पश्चिमेचा प्रवाह, मग पहाटे साडेपाच-सहापर्यंत पूर्वेचा आणि शेवटचे काही तास पुन्हा पश्चिमेचा मिळणार होता. बेरीज-वजाबाकीनंतर थोडे पश्चिमेकडे झुकते माप उरले. त्यात वारा पूर्वेचा असल्याने बोट वाऱ्याखाली सरकणार ती वेगळी. हे सारे धरून होकायंत्रावर 174 अंश आले, आणि ती एकच दिशा रात्रभर धरायची असे ठरले. या भागात सध्या चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक नगण्य असल्यामुळे तेवढे एक गणित वाचले. एक सूचना मात्र आवर्जून करते: प्रवाहाचे तक्ते जागतिक वेळेत, घड्याळ ब्रिटनच्या उन्हाळी वेळेत आणि मुक्कामाचे बंदर त्याच्याही एक तास पुढे, अशी तीन घड्याळे होतात. कागदावर सगळे आकडे एकाच वेळेत लिहावेत आणि पानाच्या डोक्यावर ती वेळ कोणती ते ठळक लिहावे.

रजा सोमवारपासून होती, पण सोमवारी आणि मंगळवारी वारा नैऋत्येचा आणि अगदी पडलेला होता. धक्क्यावर बसून वाट पाहणे मला कठीण गेले. पोटात गोळा, रात्री झोप नाही, आणि दर सहा तासांनी नवा अंदाज वाचायचा. आम्ही हवामान खात्याचा सेल्सी बिल ते लाइम रीजिस हा किनारी अंदाज आणि वाइट या समुद्रभागाचा अंदाज असे दोन्ही लिहून ठेवत होतो. बुधवारी सकाळी दोन्हींत पूर्वेचा, तीन ते चार जोराचा वारा, लाटा कमी, दृश्यता चांगली असे आले. पूर्वेचा वारा म्हणजे आमच्या बाजूने येणारा, शिडाच्या बोटीला सगळ्यांत सोयीचा. त्याच सकाळी सरकारी संकेतस्थळावर देश सोडण्याचा अहवाल भरला. हा अहवाल निघण्याआधी 24 तासांपेक्षा लवकर भरता येत नाही आणि दोन तासांपेक्षा उशिरा चालत नाही. त्यासाठी शुल्क नाही, पण बोटीची आणि प्रत्येक माणसाच्या पासपोर्टची माहिती हाताशी असावी लागते. शेर्बुरलाही सीमा पोलिसांसाठीचा आगाऊ अर्ज ईमेलने पाठवून ठेवलेला होता. बदललेली वेळ पुन्हा कळवली. सेफट्रॅक्स या मोफत ॲपवर प्रवासाचा आराखडा नोंदवला आणि त्यात लंडनला राहणाऱ्या माझ्या नणंदेचे नाव किनाऱ्यावरची संपर्क व्यक्ती म्हणून दिले. पोहोचलो की ती नोंद आठवणीने बंद करावी लागते, एरवी किनाऱ्यावरचा माणूस काळजीत पडतो.

संध्याकाळी सहाला दोर सोडले. हर्स्टच्या किल्ल्यापाशी समुद्राचे तोंड इतके अरुंद होते की ओहोटीचे पाणी तिथून धावत बाहेर पडते. पाच वाजता वळलेल्या ओहोटीने आम्हाला अक्षरशः उचलून नेले आणि जीपीएसवर सात नॉट दिसू लागले. वारा आणि पाणी एकाच दिशेने असल्यामुळे उजवीकडच्या शिंगल्स या गोट्यांच्या उथळ पट्ट्यावर फारसा फेस नव्हता. नैऋत्येचा वारा असता तर हीच जागा फार वाईट झाली असती. पावणेआठला बाहेरचा बोया मागे टाकला, 174 अंश धरले, टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) छोटा ऑटोपायलट जोडला आणि लगेच जेवून घेतले. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये मऊ भात, तूप आणि मेतकूट होते. बोट लागू नये म्हणून गोळ्या निघण्याच्या दोन तास आधीच घेतल्या होत्या. मळमळ सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग होत नाही.

सूर्य सव्वानऊनंतर मावळला. पाळ्या दोन-दोन तासांच्या लावल्या होत्या, कारण तीन तास एकट्याने डोळे ताणणे जड जाते असे सरावाच्या रात्रींत लक्षात आले होते. मागे सेंट कॅथरिनच्या टोकाचा दिवा दर पाच सेकंदांनी चमकत होता आणि तो हळूहळू पाण्याला टेकत गेला. दहा-साडेदहाला माझ्या पाळीत मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. काहीही वाईट घडत नव्हते. फक्त बाजूने सरकणारे पाणी काळे झाले आणि बोटीचा वेग दुप्पट झाल्यासारखा वाटू लागला. मी वेगाचा आकडा पाहिला: 4.8. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिला, तोच. त्यानंतर दर तासाला वहीत वेळ, दिशा, वेग, अक्षांश-रेखांश आणि हवेचा दाब पेन्सिलीने लिहिण्याचे काम मला आधारासारखे झाले. केबिनमध्ये फक्त लाल दिवा ठेवला होता, कारण पांढऱ्या प्रकाशात एकदा पाहिले की डोळे अंधाराला पुन्हा सरावायला वीस मिनिटांच्या वर लागतात. आणखी एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती: दव. अकरानंतर शीड, दोर, बसायची फळी, सगळे पाऊस पडल्यासारखे ओले झाले. जूनमध्येही पूर्ण जलरोधक कपडे, लोकरी टोपी आणि हातमोजे हवेतच.

जहाजांचा प्रश्न मध्यरात्रीनंतर आला. डोव्हरच्या सामुद्रधुनीत आणि पश्चिमेला कॅस्केट्स या खडकांपाशी जहाजांना आखून दिलेल्या मार्गिका आहेत. या दोन्हींच्या मधला आमचा पट्टा नकाशावर मोकळा दिसतो, पण जहाजे एका मार्गिकेतून दुसरीकडे सरळ जातात, त्यामुळे आधी पश्चिमेला जाणाऱ्यांची आणि मग काही मैलांनी पूर्वेला जाणाऱ्यांची अशा दोन रांगा प्रत्यक्षात ओलांडाव्या लागतात. मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा सहा मैलांवरून दिसायला हवा असा नियम आहे. 18 नॉटांनी येणारे जहाज ते सहा मैल वीस मिनिटांत संपवते. त्यामुळे पाळीवरच्या माणसाने दर दहा मिनिटांनी पूर्ण वर्तुळ फिरून पाहायचे, शिडाच्या आडचा भाग वाकून पाहायचा, आणि दिवा दिसला की हातातल्या होकायंत्राने त्याची दिशा घ्यायची. तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायची. दिशा बदलत असेल तर ते जहाज पुढून किंवा मागून जाणार. दिशा तीच राहिली आणि दिवे मोठे होत गेले तर टक्कर ठरलेली. आमच्याकडे जहाजांची नावे व वेग दाखवणारा एआयएस होता, आणि तो फार उपयोगी पडला, तरी आम्ही होकायंत्र सोडले नाही.

साडेबाराच्या सुमारास डावीकडे दोन पांढरे दिवे दिसले, खालचा डावीकडे आणि वरचा उजवीकडे (जहाजाचा पुढचा दिवा खाली असतो), म्हणजे जहाज आमच्या समोरून उजवीकडे जायच्या बेताने नव्हते. ते जवळजवळ तोंड आमच्याकडे करून वळत होते. पाच मिनिटांत दोन्ही दिवे एकावर एक आले, आणि त्यांच्या खाली जहाजाच्या डाव्या अंगाचा लाल व उजव्या अंगाचा हिरवा असे दोन्ही दिवे एकाच वेळी दिसले. नवऱ्याला हाक मारली. खुल्या समुद्रात शिडाच्या बोटीला वाट द्यायची जबाबदारी इंजिनाच्या जहाजाची असते हे खरे, पण आपण त्यांना दिसलो आहोत असे गृहीत धरू नये, असेच आम्हाला शिकवले गेले होते. अजून चार मैल अंतर होते. आम्ही इंजिन सुरू केले, शीड ढिले सोडले आणि त्याला कळेल इतकी मोठी, चाळीस अंशांची वळणे घेऊन त्याच्या मागून जाण्याची दिशा धरली. थोड्या वेळाने लाल दिवा नाहीसा झाला, मग फक्त हिरवा उरला, आणि ते कंटेनर जहाज दीड मैलावरून पुढे निघून गेले. त्याच्या इंजिनाची धडधड आधी आमच्या बोटीच्या तळातून पायांना जाणवली आणि नंतर कानांना ऐकू आली. लाटा यायला बराच वेळ लागला. आम्ही पुन्हा 174 वर आलो. हे लवकर केले म्हणून सोपे गेले. एक मैलावर असताना हाच विचार करत बसलो असतो तर हातात फार थोडे उरले असते.

प्रवाहाचे गणित प्रत्यक्ष पाहणे हा माझ्यासाठी त्या रात्रीचा सर्वांत मोठा आनंद होता. पावणेबाराला जीपीएसवर आम्ही सरळ रेषेच्या चार मैलांहून अधिक पश्चिमेला होतो. पडद्यावरचा बाण आपल्याला डावीकडे वळा म्हणून सतत सांगत असतो, आणि अंधारात, थकलेल्या डोळ्यांनी, त्याचे न ऐकणे कठीण असते. पण त्याचे ऐकून रेषा धरून राहिलो असतो तर आधी सहा तास पश्चिमेच्या पाण्याशी आणि नंतर सहा तास पूर्वेच्या पाण्याशी भांडत गेलो असतो, बोट पाण्यातून जास्त चालली असती आणि शेर्बुर आणखी लांबले असते. म्हणून नवरा आणि मी पाळी बदलताना प्रत्येक वेळी कागदावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी ठेवत होतो. एकच्या सुमारास अर्धा चंद्र उगवला. दोन वाजता अंतर तीन मैल, चारला एक, आणि सहाला आम्ही रेषेच्या पूर्वेला जवळपास दोन मैल होतो. तिथेच असायला हवे होते, कारण शेवटच्या तासांत पाणी पुन्हा पश्चिमेला नेणार होते. शेर्बुरच्या पश्चिमेला ढकलले गेले तर पुढे ऑल्डर्नी रेस नावाच्या धावत्या पाण्याची ओढ लागते आणि हळू बोटीला उलटे येणे फार जड जाते. जहाजासाठी घेतलेले वळण किती लहान होते, हेही त्या वहीतच दिसले.

फ्रान्स आधी उजेडाच्या रूपात आले. अडीचच्या आसपास डावीकडे क्षितिजाखालून दर दहा सेकंदांनी दोन झळा दिसू लागल्या. ते बार्फ्लरजवळचे गाटव्हिलचे दीपगृह, 75 मीटर उंचीचे. नंतर काप लेव्हीचा दर पाच सेकंदांनी चमकणारा लाल दिवा आला. दोघांच्या दिशा घेऊन नकाशावर रेघा मारल्या आणि त्या जीपीएसच्या जागेशी जुळल्या. इतक्या उत्तरेला जूनमध्ये पूर्ण अंधार होतच नाही. उत्तरेच्या क्षितिजावरची फिकट पट्टी सरकत सरकत ईशान्येला गेली आणि चारला तिथेच फटफटले. सूर्योदयानंतर वारा पडला, वेग तीन नॉटांखाली गेला. आम्ही आधीच ठरवले होते की तीनच्या खाली गेले की इंजिन, कारण प्रवाहाचे वेळापत्रक आपल्यासाठी थांबत नाही. जुने डिझेल इंजिन तासाला दीड लिटर पिते.

साडेआठला फोर द ल'वेस्ट या किल्ल्याला डावीकडे ठेवून पश्चिम दारातून आत शिरलो. शेर्बुरचा मधला बंधारा साडेतीन किलोमीटरहून लांब आहे. त्याचे काम 1783 मध्ये सुरू झाले आणि 1853 मध्ये संपले. बाहेरच्या लाटा तिथे एकदम थांबतात. आत आणखी अडीच मैल जावे लागते, आणि थकवा आलेला असतो त्याच वेळी फेरी बोटींची ये-जा असते, म्हणून दोर आणि फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायचे फुगे) बाहेरच बांधून घ्यावेत. शॉन्तेरेनच्या मरीनाला रेडिओच्या चॅनल नऊवर हाक मारली. मोडक्या फ्रेंचमधल्या माझ्या दोन वाक्यांना शांतपणे इंग्रजीत उत्तर आले. डोलकाठीच्या उजव्या बाजूला फ्रान्सचा झेंडा आणि सीमा तपासणी बाकी असल्याचे सांगणारा पिवळा क्यू झेंडा आधीच चढवला होता. धक्क्याला लागलो तेव्हा तिथल्या घड्याळात सव्वादहा झाले होते.

झोपण्याआधी पासपोर्टवर शिक्का घ्यायचा होता. मरीनाच्या कार्यालयात बोटीचे कागद दाखवून रात्रीचे तीस युरोंच्या आसपास भरले आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुलापलीकडच्या फेरी टर्मिनलवर सीमा पोलिसांकडे चालत गेलो. कार्यालयाची खिडकी फेरीच्या वेळांना उघडते, त्यामुळे बाकावर तासभर बसावे लागले. अधिकाऱ्याने व्हिसा पाहिला, ईमेलची छापील प्रत मागितली, बोटीचे नाव विचारले आणि शिक्के मारले. ईमेल फोनवर असली तरी छापील प्रत नेल्याने काम लवकर झाले. बोटीवर युरोपचा कर लागत नाही. बाहेरच्या देशातील बोटीला तात्पुरत्या प्रवेशावर अठरा महिने राहता येते, पण बोट आपलीच आहे हे दाखवणारे मूळ नोंदणीपत्र सोबत हवे.

परतीचा प्रवास शनिवारी रात्री दक्षिणेच्या वाऱ्यावर केला. त्याआधी त्याच खिडकीवर जाऊन बाहेर पडल्याचा शिक्का घेतला. हा शिक्का कोणी आपणहून मारायला येत नसे, आणि तो नसता तर शेंगेन देशांच्या हिशेबात आम्ही अजून तिथेच आहोत असे दिसले असते, जे पुढच्या व्हिसाच्या वेळी अंगाशी येऊ शकले असते. ब्रिटनमध्ये येण्याचा अहवाल निघण्यापूर्वी शेर्बुरहूनच भरला आणि किनाऱ्यापासून बारा मैलांच्या हद्दीत शिरताच क्यू झेंडा वर केला. पुढे जाण्यास हरकत नाही असा निरोप मिळेपर्यंत तो उतरवला नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपल्या ई-व्हिसाचा शेअर कोड (परवानगी तपासून घेण्यासाठी द्यायचा क्रमांक) निघण्याआधीच काढून ठेवावा, कारण खाडीच्या मध्यावर फोनला सिग्नल नसतो.

व्हिसा, वैद्यकीय विमा, तराफ्याचे भाडे, मरीना आणि डिझेल मिळून दोघांचा खर्च साडेपाचशे पौंडांच्या घरात गेला. बीकन त्यात धरलेले नाही, कारण ते पुढची अनेक वर्षे कामाला येईल. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आणखी एकच सांगायचे आहे: शक्य असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी एक रात्र सोलेंटमध्येच (लिमिंग्टनसमोरच्या सामुद्रधुनीत), किनाऱ्याचे दिवे दिसत असताना, पाळ्या लावून बोट चालवून पाहा. त्यासाठी व्हिसा लागत नाही, आणि आपल्याला रात्री दोन वाजता नेमके काय जमते आणि काय जमत नाही, ते तिथे समजते.